सीटखालचं फडकं

सकाळी सातच्या सुमाराला अकोल्याच्या जठारपेठेत किंवा अमरावतीच्या राजापेठेत कुठल्याही गल्लीत उभे राहा. दर दोन-तीन घरांआड एक माणूस फाटकाबाहेर येतो, सीटखाली खोचलेलं फडकं ओढून काढतो, दोनदा झटकतो आणि मोटारसायकलच्या टाकीवरून गोल गोल फिरवतो. मग आरसे, पुढचा दिवा, सीट. अर्ध्या मिनिटात गाडी चकचकीत दिसायला लागते. फडकं कालची आणि आजची धूळ पोटात घेऊन पुन्हा सीटखाली जातं.

मीही कित्येक वर्षं हेच केलं. माझी गाडी काळ्या रंगाची. एकदा रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभा असताना वरच्या दिव्याचा उजेड टाकीवर पडला आणि त्या उजेडाभोवती बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं गोल. गाडी कधी पडली नव्हती, कुठं घासली नव्हती. दर्यापूर रस्त्यावरच्या ज्या मिस्त्रींकडे माझी गाडी वर्षानुवर्षं जाते, त्यांनी टाकीवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, धुता येत असन तं धुवा, नाही तं धुळीचीच राहू द्या. कोरडं फडकं लावू नोका."

त्या एका वाक्यात गाडी साफ करण्याचं निम्मं शास्त्र आहे.

वऱ्हाडातली धूळ दोन ठिकाणांहून येते. एक शेतातली काळी माती, दुसरी रस्त्यावरची गिट्टी. दोन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे आपल्या पायाखालचा काळा पाषाण, बेसॉल्ट. तो कुजून माती झाली आणि तोच फोडून रस्ते झाले. मातीतला चिकण भाग तसा मऊ असतो. त्याचे कण २ मायक्रॉनहूनही बारीक असतात, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान. त्यानं रंगाचं फार बिघडत नाही. बिघडतं ते त्यात मिसळलेल्या न कुजलेल्या कणांनी. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन ही खनिजं असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी मोहस मोजपट्टी आहे, तिच्यावर ही दोन्ही ६ च्या आसपास येतात. याच पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोट्या ७ च्या घरात. चाकूचं पातं साधारण साडेपाच. म्हणजे फडक्यात अडकलेला कण चाकूलाही ओरखडा पाडू शकतो, आणि आपण तो बोटांनी दाबून टाकीवर फिरवत असतो.

टाकीवरचा रंग त्यापुढे किती टिकणार? आजच्या गाड्यांवर पत्र्याला आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेचा थर असतो. तिन्ही मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, वर्तमानपत्राच्या कागदाहून थोडीशी जास्त. त्यातला चकाकी देणारा वरचा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, आणि तो म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. जुन्या राजदूतवर हा पारदर्शक थर नसायचा. म्हणून वडिलांच्या राजदूतला पॉलिश केलं की फडकं लाल व्हायचं, आणि मी लहानपणी समजायचो की मळ निघतोय. रंग निघत होता.

ते जाळं गोलच का दिसतं, यात एक गंमत आहे. आपण फडकं गोल फिरवतो म्हणून ओरखडे गोल पडतात, असं वाटतं. घरातलं घासणीनं घासलेलं स्टीलचं ताट उन्हात धरून पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल रेषा दिसतील. ताट सरकवा, ती वर्तुळंही प्रतिबिंबाबरोबर सरकतील. म्हणजे ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले आहेत. बारीक चर प्रकाश उडवते ती तिच्या लांबीला आडव्या दिशेनं, त्यामुळे प्रतिबिंबाला वळसा घालून जाणाऱ्या चराच तेवढ्या डोळ्यांत भरतात आणि बाकीच्या लपून राहतात. काळी टाकी सावलीत निर्मळ आणि उन्हात जाळीदार दिसते ती यामुळेच. आपल्याला दिसतात त्याच्या कितीतरी पट ओरखडे तिथं असतात.

तर पहिलं काम पाण्याचं. आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको. पोळ्याच्या दिवशी बैल धुताना अंगावरचा वाळलेला चिखल कोणी फडक्यानं पुसत नाही. बैलाला नदीच्या पाण्यात उभं करतात, अंगावर पाणी उडवतात, चिखल भिजू देतात आणि मग गवताच्या बोळ्यानं चोळतात. शिंगांचा रंग आणि पाठीवरची झूल त्यानंतर. हाच क्रम गाडीला लावायचा.

काळ्या मातीच्या बाबतीत भिजवणं फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं शेतात जाऊन आलेली गाडी ज्यानं पाहिली असेल, त्याला सांगायला नको. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये माती इतकी गच्च बसते की चाक फिरायचं थांबतं, आणि धुऱ्यावर उभं राहून तुराटीनं ती उकरून काढावी लागते. ही माती अशी वागते ती तिच्यातल्या स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीमुळे. वहीच्या पानांसारखे तिचे पातळ पापुद्रे असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, पाणी उडालं की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याही ह्याच गुणानं. गाडीवर वाळलेला गोळा आक्रसून रंगाला घट्ट धरून बसतो. तो खरवडला तर त्यातली कच रंगावरून घासत जाते. पण ज्या गुणानं तो घट्ट बसला, त्याच गुणानं तो सुटतोही. ओलं गोणपाट त्या जागेवर पंधरा-वीस मिनिटं टाकून ठेवावं. पाणी आत शिरतं, माती फुगते, ढिली होते, आणि मग मगभर पाण्यानं आपोआप घसरून पडते. हात लावावाच लागत नाही. माझ्या मते वऱ्हाडातल्या गाडीवाल्यानं एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही.

इंजिन मात्र आधी निवू द्यावं. शेतातून किंवा दूरच्या गावाहून आल्याआल्या तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नये. एकदम आक्रसल्यानं धातूवर ताण येतो, आणि वरचं पाणी क्षणात उडून त्यातले क्षार तिथंच भाजून बसतात. अर्धा तास थांबावं, गाडी सावलीत घ्यावी, सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधावी, चावीच्या छिद्रावर चिकटपट्टी लावावी.

धुण्यासाठी दोन बादल्या घ्याव्यात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं शाम्पूत बुडवायचं, थोडा भाग धुवायचा आणि पुन्हा शाम्पूत बुडवण्याआधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं. सुटलेली माती साध्या बादलीच्या तळाशी जाऊन बसते. काम संपल्यावर त्या बादलीत हात घालून तळाची कच बोटांत चोळून पाहा, म्हणजे एकाच बादलीत धुतल्यावर आपण टाकीला काय फासत होतो ते कळेल. वरून खाली यायचं. टाकी, आरसे आणि दिवा आधी, मग बाजूची कव्हरं, इंजिन, आणि शेवटी चाकं. चाकांचं फडकं वेगळं, ते टाकीच्या जवळही आणायचं नाही.

कपड्यांची पावडर वापरायचा मोह होतो, कारण ती घरात असते आणि फेस भरपूर देते. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, त्यामुळे तिचं पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं. ते टाकीवरचं मेण उतरवतं आणि इंजिनच्या ॲल्युमिनियमला निस्तेज करतं. साबणाच्या वडीची अडचण आणखी वेगळी. आपल्या जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याची पांढरी चिकट मळी होते. वाहनांचा शाम्पू अल्कधर्मी नसतो आणि जड पाण्यातही फाटत नाही. टोपणभर शाम्पूत एक बादली होते, म्हणजे तो महागही पडत नाही.

आता पाण्याबद्दल, कारण आपल्या भागात खरी मेख तिथं आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे, सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर ह्या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या ह्या खोलगट भागात गाळाचा जाड थर साठला आणि त्या गाळात क्षार अडकून राहिले. विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून तर पिण्यासाठी वान आणि शहानूर धरणांचं पाणी नळानं गावोगाव आणावं लागलं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. खारपाणपट्ट्यातल्या अनेक विहिरी ह्याच्याही वर जातात. आपण २,००० च धरू. १५ लिटरच्या बादलीत ३० ग्रॅम क्षार झाले. ते सगळे गाडीवर राहत नाहीत, बहुतेक पाणी खाली वाहून जातं. पण टाकीवर थेंब राहतात, आणि ते उन्हात वाळले की प्रत्येक थेंब आपल्या वाट्याचे क्षार तिथंच सोडून जातो.

ह्या डागांकडे जवळून पाहिलं तर ते भरीव ठिपके नसतात, पांढरी कडी असतात. आत जवळजवळ काही नाही, कड तेवढी जाड. चहाच्या कपानं टेबलावर पडलेल्या डागाचीही कड अशीच गडद असते. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर' ह्या नियतकालिकात याचं कारण मांडलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि पाणी कडेला जास्त वेगानं उडतं. उडालेल्या पाण्याची जागा भरायला थेंबाच्या मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि त्यातला ऐवजही कडेला नेऊन ठेवतं. चहाच्या डागाचं हे शास्त्र दर्यापूरच्या अंगणातल्या टाकीवर रोज घडतं.

ह्यावर उपाय दोन. शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्यावी. पावसाळ्यात टिनाच्या पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी धरून ठेवलं असेल तर त्याच्याहून चांगलं काही नाही, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पाणी मोजूनमापून येतं त्या गावांत नळाच्या पाण्यानं सगळी गाडी धुवा असं मी म्हणणार नाही. आधीचं धुणं बोअरच्या पाण्यानं करावं, शेवटी दोन-तीन लिटर गोडं पाणी वरून सोडावं, तेवढं पुरतं. दुसरा उपाय म्हणजे गाडी उन्हात वाळू न देणं. लगेच मऊ पंचानं टिपून घ्यायची. चोळायची नाही, टिपायची. घडी केलेला पंचा टाकीवर ठेवायचा, वरून तळहात हलका दाबायचा, उचलायचा.

जुने पांढरे डाग असतील तर त्यातला मिठाचा भाग गोड्या पाण्यानं निघतो, चुन्याचा निघत नाही. त्याला आंबट लागतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्यानं मिनिटभर डागावर धरावं आणि भरपूर पाण्यानं धुऊन टाकावं. लिंबाचा रसही चालतो. तांब्याची भांडी चिंचेनं घासणाऱ्या घरांना आंबटाचं काम ठाऊक आहेच. ॲल्युमिनियमवर मात्र आंबट लावू नये, तेही खाल्लं जातं.

गाडी धुण्याच्या सेंटरवर शेवटी विचारतात, "डिझेल मारू का?" डिझेलच्या फवाऱ्यानं गाडी नव्यासारखी काळीभोर दिसते, म्हणून बरेच जण हो म्हणतात. मी म्हणत नाही. डिझेलचा ओशट थर संध्याकाळपर्यंत रस्त्याची सगळी धूळ धरून ठेवतो, रबरी भाग हळूहळू फुगवतो, आणि ब्रेकवर उडालं तर ब्रेक धरत नाही. पाण्याचा जोराचा फवाराही चाकाच्या मधोमध, बेअरिंगच्या जागी मारू देऊ नये. ग्रीस धुऊन जातं आणि पाणी आत राहतं.

आता पॉलिश. दुकानात ह्या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक घासणारी, दुसरी झाकणारी. रबिंग कंपाउंड किंवा खरं पॉलिश यांत अतिशय बारीक, कठीण भुकटी असते. ती ओरखड्याच्या दोन्ही कडा झिजवून त्याला उथळ करते, म्हणजे दर वेळी त्या ४०-५० मायक्रॉनमधून थोडं काढूनच घेते. म्हणून पॉलिश वर्षातून एकदा पुरे, दसऱ्याच्या आधी करा हवं तर. मेण काहीच काढत नाही, वर पातळ थर देतं. ते दर दोन-तीन महिन्यांनी लावलं तरी हरकत नाही.

हातानं पॉलिश करताना रुपयाच्या नाण्याएवढं पॉलिश आणि तळहाताएवढी जागा, एवढंच एका वेळी घ्यावं. फडक्याची चौघडी करून पुढून मागे, सरळ रेघेत चालवावं. गोल फिरवू नये. बारीक चरा राहिल्याच तर त्या एकाच दिशेच्या असतील आणि ऊन एका बाजूनं आलं तरच दिसतील. टाकीच्या कडांवर आणि उंचवट्यांवर रंगाचा थर पातळ असतो, तिथं हात हलका. इथंच मशीनपेक्षा हात सरस वाटतो मला. मशीनला कड कळत नाही, बोटांना कळते. मॅट रंगाच्या गाडीला मात्र पॉलिशही नको आणि मेणही नको, तिच्यावर चकाकते चट्टे पडतात आणि ते जात नाहीत.

चांगल्या मेणाच्या डबीवर कार्नोबा हा शब्द असतो. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण साचतं. कोरड्या, तापत्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानं स्वतःसाठी केलेली ही सोय. ती पानं तोडून, वाळवून, झोडून त्यांचं मेण काढतात. निसर्गातल्या मेणांत हे सर्वांत कठीण समजलं जातं आणि ते वितळतं ८२ ते ८६ अंशांना. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांनाच वितळतं. मे महिन्यात अकोल्यात हवाच ४५-४६ अंशांपर्यंत तापते आणि उन्हात उभ्या गाडीच्या टाकीला हात लावता येत नाही. तिथं मधमाशीचं मेण मऊ पडतं आणि धूळ धरतं, ताडाचं टिकतं. मेण सावलीत, थंड टाकीवर लावावं, धुकं धरल्यासारखं दिसू लागलं की दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं हलकेच उतरवावं. मेण शिल्लक आहे की नाही हे पाणीच सांगतं. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर आहे, पाणी पसरून चादर झाली तर संपलं. मोत्यासारखे थेंब छान दिसतात खरे, पण बोअरच्या पाण्याचे असतील तर ते मघाची पांढरी कडीही तितकीच नेटकी काढतात. टिपणं चुकत नाही.

जुन्या बुलेट-राजदूतवर क्रोम भरपूर. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्याच्याखाली निकेलचा जाड थर आणि मग लोखंड. क्रोम स्वतः गंजत नाही. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी खालच्या लोखंडापर्यंत जातं आणि सुईच्या टोकाएवढा तांबूस ठिपका वर येतो. खाऱ्या पाण्यानं हे लवकर होतं. तिथं तारेची घासणी किंवा तांब्यापितळेची पावडर लावू नये. डब्यात पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची पन्नी चुरगाळून, पाण्यात बुडवून हलकेच घासावी. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्यानं क्रोमला ओरखडा पडत नाही आणि गंज मात्र सुटतो. मग कोरडं करून तिथंही मेणाचा हात द्यावा, म्हणजे ती छिद्रं बुजून राहतात.

चेनचं काम थोडक्यात. रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं जुना काळा चिखल काढायचा, कोरडी पुसायची, ९० नंबरचं गिअर ऑइल थेंबथेंब सोडायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिले आहेत. चेन आणि चक्र यांच्यामध्ये फडकं ओढलं गेलं की बोटंही जातात. घाई असेल तर चेन मळकी राहू द्या, पण हे करू नका.

शेवटी गाडी गल्लीत एक चक्कर फिरवून दोन-चारदा ब्रेक दाबायचे, म्हणजे ड्रममधलं पाणी निघून जातं.

राहिलं ते फडकं. जुन्या धोतराचं किंवा साडीचं सुती कापड पुष्कळ धुण्यांनी मऊ झालेलं असतं, ते चांगलं. त्याची शिवण आणि काठ मात्र कापून टाकावेत, कारण ओरखडे काठाचेच पडतात. गॅरेजात मिळणारं कॉटन वेस्ट इंजिनपुरतं ठीक आहे. त्यात सरकीच्या सालीचे कण असतात, ते टाकीला लावू नये. मायक्रोफायबरचं कापड मिळालं तर उत्तम. त्याचे तंतू कापसाच्या तंतूहून बारीक आणि चिरलेले असतात, त्यामुळे धूळ पृष्ठभागावर न घसरता तंतूंच्या फटींत जाऊन बसते. पण ते एकदा जमिनीवर पडलं की टाकीसाठी संपलं, ते चाकांकडे द्यावं.

टाकीची फडकी घरच्या कपड्यांत न टाकता वेगळी धुवावीत, झाडाझुडपांवर न टाकता दोरीवर वाळवावीत आणि बंद पिशवीत घालून कपाटात ठेवावीत. सीटखालचं ते जुनं फडकं मी अजून ठेवलं आहे. पाऊस पडून गेल्यावर ओल्या सीटवरचं पाणी टिपायला ते लागतं.